कुलूपवाल्याच्या कारखान्यात रॉकेटचे इंजिन

गोदरेजची तिजोरी व्यापारी बांधवांच्या ओळखीची आहे. अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ साली मुंबईत लालबागला कुलुपे बनवायला सुरुवात केली, तिजोऱ्या नंतरच्या. त्याच कंपनीच्या विक्रोळीच्या कारखान्यात इस्रोची ‘विकास’ इंजिने आणि ब्रह्मोस क्षेपणास्त्राचे सांगाडे बनत आले आहेत. १४ जुलै २०२३ रोजी चांद्रयान-३ घेऊन निघालेल्या रॉकेटमध्ये दोन विकास इंजिने होती.

काम धातूचेच, फरक बारकाईचा. या इंजिनात दोन द्रव्ये वेगवेगळ्या नळ्यांतून येतात आणि एकमेकांना भिडताच, ठिणगीशिवाय, पेटतात. जोड कुठे झिरपला तर आग भलत्याच जागी लागणार. म्हणून जोड तपासले जातात, आणि कोणता भाग कोणत्या धातूचा, कोणाच्या हातचा, याची नोंद राहते. आमच्या कापडाच्या ताग्यात खोट निघाली तर गिऱ्हाईक भाव पाडून का होईना, माल ठेवून घेते. इथे बिघडलेला माल उपग्रहासकट जातो!

असे कारखाने सुटे भाग बाहेरच्या छोट्या वर्कशॉपांतूनही करून घेतात. लेथवर बसणाऱ्या आपल्या कारागिरांकडे हुन्नर आहे. पण तिथे दराच्या आधी नोंदवही मागतात, आणि ती बहुतेकांकडे नसते.