जंतूंशी झटापट (१४) : मलमातून शिरेत

 आजच्या लेखाला निमित्त इंदिरानगरच्या एका वाचक ताईंचा प्रश्न. मागच्या लेखात लेव्होनॅडिफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकचं नाव ओझरतं आलं होतं. ताईंनी मुलीच्या मुरुमांच्या मलमाची ट्यूब पाहिली, तर तिच्यावर ‘नॅडिफ्लॉक्सासिन’. दोन्ही एकच का? आणि असतील, तर मधुमेहामुळे चिघळलेल्या सासऱ्यांच्या पायाला हेच मलम लावलं तर?

एकच नव्हे, पण घर एकच. नॅडिफ्लॉक्सासिन जपानच्या ओत्सुका कंपनीचं. १९९३ साली ते मुरुमांवरचं मलम म्हणून आलं आणि मलमच राहिलं. पाण्यात धड विरघळत नाही, मग शिरेतून देणार कसं? शिवाय त्यात दोन तऱ्हांचे रेणू निम्मे निम्मे मिसळलेले. अणू तेच, पण डाव्या-उजव्या चपलांसारखे उलटसुलट, आणि जंतूच्या विकरावर नीट बसते ती त्यातली एकच. वोक्हार्टच्या औरंगाबादच्या (आता छत्रपती संभाजीनगर) संशोधकांनी तेवढीच वेगळी घेतली, आर्जिनीन या अमिनो आम्लाबरोबर तिचा क्षार बनवला आणि औषध इंजेक्शनजोगं झालं. तेच लेव्होनॅडिफ्लॉक्सासिन. गोळीसाठी त्याला अलॅनिन जोडलं. शरीरात ते सुटतं आणि मूळ औषध मोकळं होतं. जानेवारी २०२० मध्ये भारतात दोन्हींना मान्यता मिळाली. त्वचेच्या गंभीर संसर्गांसाठी, आणि त्यात मधुमेही पायही आला.

मला स्वतःला यातली खरी मेख बायोफिल्मपाशी, म्हणजे जंतू स्वतःभोवती जो चिकट थर बनवतात त्याच्यापाशी, दिसते. तिच्या तळाशी ऑक्सिजन तोकडा पडतो, जंतू आंबवण्यावर जगतात आणि आम्ल साचतं. याच कुळातल्या सिप्रोफ्लॉक्सासिनच्या रेणूत पिपरॅझिनचं कडं असतं. आम्लात त्यावर धन भार चढतो आणि औषधाला जंतूच्या आत शिरणं जड जातं. नॅडिफ्लॉक्सासिनच्या घराण्यात ते कडंच नाही, त्यामुळे आम्लात त्याचा जोर उलट वाढतो. स्टॅफिलोकॉकस हा जंतू ज्या नॉर-ए पंपाने इतर भाऊबंद औषधं बाहेर फेकतो, तोही इथे फारसा चालत नाही. प्रयोगशाळेत बायोफिल्ममधल्या स्टॅफिलोकॉकसवर लेव्होनॅडिफ्लॉक्सासिनचा परिणाम दिसला आहे. अर्थात काचपात्रातलं यश हाडात किंवा कॅथेटरवर तसंच उतरेल, असं मी तरी धरून चालणार नाही.

आता ताईंचा दुसरा प्रश्न. मलम अजिबात लावू नका. ते त्वचेच्या वरवरच्या थरासाठी आहे. मधुमेही पायाची जखम आत हाडापर्यंत गेलेली असू शकते आणि तिच्यात ग्रॅम-निगेटिव्ह जंतूही असू शकतात. त्यांच्यासाठी हे औषध नाहीच, ना ट्यूबमधलं ना शिरेतलं. सासऱ्यांना या आठवड्यातच सर्जनकडे न्या, आणि अँटिबायोटिक सुरू करण्याआधी जखमेच्या आतल्या भागाचं कल्चर करता येईल का, हे त्यांना जरूर विचारा.