श्रीलंकेच्या धम्मयात्रेला निघताना

बुद्ध पौर्णिमा जवळ येऊ लागली की विहाराच्या फळ्यावर श्रीलंकेच्या सहलीचा कागद लागतो. १९५० साली जागतिक बौद्ध परिषदेसाठी बाबासाहेब गेले ती ही भूमी. संघमित्रेने नेलेल्या बोधिवृक्षाच्या फांदीचं झाड अनुराधपूरला आजही पूजलं जातं. ते एकदा डोळ्यांनी बघावं म्हणून आपल्या कितीतरी आयाबाया बचतगटातून दोन-दोन वर्षं पैसे बाजूला टाकतात. पासपोर्ट, साडी, फुलांचे पैसे, सगळ्याची तयारी होते. औषधांची आणि विम्याची मात्र कोणी विचारपूस करत नाही. आमच्या पाहण्यात जाणारी बरीचशी मंडळी पन्नाशी-साठीची, शुगर-बीपीच्या गोळ्या चालू असलेली. म्हणून हे पान त्यांच्यासाठी, आणि त्यांना पाठवणाऱ्या लेकी-सुनांसाठीही.

आधी पायांचं बोलू, कारण तिकडे सगळ्यात जास्त हाल पायांचे होतात. श्रीलंकेत स्तूपाच्या आवारात चपला बाहेर काढूनच जावं लागतं. अनुराधपूरच्या रुवनवेली स्तूपाभोवतीचं आवार फरशीचं आणि मोठं. दुपारी बारा-एकला ती फरशी तव्यासारखी तापलेली असते. साध्या माणसाला चटका बसला की तो पाय उचलतो, सावलीत पळतो. पण ज्यांना दहा-पंधरा वर्षांची शुगर आहे, त्यांच्या तळपायाची जाणीव कमी झालेली असते. चटका बसलेला कळतच नाही. सावकाश प्रदक्षिणा होते, वंदना होते, आणि रात्री मोजे काढताना किंवा पाय धुताना फोड दिसतात. असा फोड फुटून चिघळला की मग जखम महिनोन्महिने भरत नाही. बोट काढावं लागलेली माणसंही आम्ही पाहिली आहेत.

उपाय सोपा आहे. जाड सुती मोजे घालून जा. मोजे घालायला तिथे कोणी हरकत घेत नाही. दर्शन सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर ठेवा, हे सहलवाल्याला निघण्याआधीच सांगा. रोज रात्री दोन्ही तळवे आणि बोटांच्या बेचक्या बघा. वाकता येत नसेल तर जोडीदारणीला दाखवा, यात लाज कसली! फोड आला तर सुईने फोडू नका. स्वच्छ धुऊन कोरडी पट्टी बांधा आणि डॉक्टरला दाखवा.

मिहिंतलेला, म्हणजे जिथे महेंद्र थेरांनी राजाला पहिला उपदेश दिला त्या टेकडीवर, जवळजवळ १,८४० पायऱ्या आहेत. सिगिरियाला बाराशेच्या आसपास. ज्यांना चढताना छातीत दडपतं, त्यांनी 'आता आलोच आहोत तर' असं करू नये. खालूनही हात जोडता येतात. पाण्याची बाटली आणि ओआरएसची पाकिटं प्रत्येकाच्या पिशवीत हवीत. पाणी बंद बाटलीचं किंवा उकळलेलं प्या आणि उघड्यावर कापून ठेवलेली फळं टाळा.

आता डास. श्रीलंकेने मलेरिया घालवला. २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेने तसं जाहीर केलं. त्यामुळे कोणी शेजारणीने दिलेल्या मलेरियाच्या गोळ्या खात बसू नका. पण डेंग्यू तिथे चांगलाच आहे. २०१७ या एका वर्षात तिथे १ लाख ८० हजारांहून जास्त रुग्ण नोंदले गेले. हा डास दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि संध्याकाळी, म्हणजे नेमका दर्शनाच्या वेळेला. पूर्ण बाह्यांचे पांढरे कपडे आपण घालतोच, ते इथे कामी येतात. उघड्या भागाला डास पळवणारं मलम लावा.

ताप आला तर फक्त पॅरासिटामॉल. अंगदुखीसाठी म्हणून ब्रुफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन घ्यायचं नाही, त्याने रक्तस्राव वाढू शकतो. मात्र हृदयाच्या डॉक्टरांनी रोजची अ‍ॅस्पिरिन दिली असेल तर ती मनाने थांबवू नका, त्याच दिवशी डॉक्टरला विचारा. डेंग्यूत ताप उतरला म्हणजे सुटलो असं नाही. धोका बऱ्याचदा तिथूनच सुरू होतो. पोटात सतत दुखणं, पुन्हापुन्हा उलटी, हिरड्यातून रक्त, फार सुस्ती, लघवी कमी होणं, यातलं काहीही दिसलं तर लगेच दवाखाना. श्रीलंकेत रुग्णवाहिकेचा नंबर १९९० आहे. ही सेवा मोफत आहे आणि भारताच्या मदतीने सुरू झाली.

डास चावल्यावर चार ते दहा दिवसांनीही ताप येतो. म्हणजे घरी परतल्यावर, पाहुण्यांना फोटो दाखवत असताना. तेव्हा डॉक्टरला 'मी श्रीलंकेहून आले' हे पहिलं वाक्य सांगा.

मंदिरांभोवती कुत्री आणि माकडं फार. प्रसादाची पिशवी हातात लोंबकळती ठेवू नका. चावलं किंवा ओरखडलं तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची पहिली लस घ्या. हळद, चुना काही लावू नका. पुढचे डोस इथे आल्यावर घेता येतात, त्यासाठी लसीचं कार्ड जपून आणा.

रोजच्या गोळ्या सहलीच्या दिवसांपेक्षा आठवडाभर जास्त घ्या. त्या मूळ पाकिटातच ठेवा, डब्यात सुट्या करून नकोत, आणि सोबत डॉक्टरची चिठ्ठी ठेवा. इन्सुलिन विमानात हातातल्या पिशवीत ठेवा. सामानाच्या कप्प्यात ते गोठून निकामी होऊ शकतं.

विम्याबद्दल आमच्याकडे सगळ्यात जास्त गैरसमज येतात. आयुष्मान कार्ड, महात्मा फुले योजना, ईएसआयसीचं कार्ड यातलं काहीही परदेशातल्या दवाखान्यात चालत नाही. लोक कार्ड पर्समध्ये घालून निर्धास्त निघतात. परदेशासाठी प्रवास विमा वेगळा काढावा लागतो, आणि तो निघण्याआधी इथूनच.

'विमा पॅकेजमध्ये आहे' असं सहलवाला सांगतो. सांगू दे. कागद मागा. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाला असंच सांगितलं होतं. आजी तिकडे तापाने दवाखान्यात भरती झाली तेव्हा कळलं की त्यांच्या नावाचा विमा फक्त विमान अपघाताचा होता. बिल भरायला मुलाने व्याजाने पैसे काढले. ते कर्ज सहलीच्या खर्चापेक्षा मोठं झालं.

कागदावर काय बघायचं? आपलं नाव आणि जन्मतारीख पासपोर्टप्रमाणे आहे का. तारखा निघण्याच्या दिवसापासून परतण्याच्या दिवसापर्यंत आहेत का. दवाखान्याचा खर्च किती रकमेपर्यंत आहे. मृत्यू झाल्यास पार्थिव परत आणण्याचा खर्च आहे का. हे विचारायला जीभ जड होते, पण विचारा. बऱ्याच पॉलिसीत बिलातली पहिली ठरावीक रक्कम आपणच भरायची असते, ती किती ते बघा.

आणि शुगर, बीपी, हृदयाचं दुखणं लपवू नका. हप्ता वाढेल म्हणून एजंटच 'नाही लिहा' म्हणतो. दावा आला की कंपनी जुने केसपेपर मागते आणि तेच कारण दाखवून पैसे नाकारते. जुन्या आजारासाठी काय मिळेल, निदान जिवावर बेतलं तर काय मिळेल, हे लेखी विचारून घ्या. वयानुसार हप्ता वाढतो, तरी तिकिटाच्या मानाने तो थोडाच असतो.

भरती व्हायची वेळ आली तर आधी किंवा होता होताच विमा कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावा. तो क्रमांक आणि पॉलिसीचा नंबर कागदावर लिहून दोघींच्या पर्समध्ये ठेवा, मोबाइलची बॅटरी संपते. डिस्चार्ज कागद, बिलं, औषधांच्या पावत्या, सगळं मूळ आणा.

दावा नाकारला तर गप्प बसू नका. कंपनीकडे लेखी तक्रार द्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं. त्याची कार्यालयं मुंबईत आणि पुण्यात आहेत. फी लागत नाही, वकीलही लागत नाही. फक्त कंपनीच्या उत्तरानंतर एका वर्षाच्या आत जावं लागतं. अर्ज मराठीत लिहायला मदत हवी असेल तर बिलं आणि पॉलिसी घेऊन आमच्याकडे या.