पितळेची रिंग आणि नव्वद नंबरचं ऑइल

बुलढाणा जिल्ह्यात गावाची ओळख ‘घाटावरचं’ की ‘घाटाखालचं’ अशी विचारली जाते. खामगाव तालुक्यातलं पिंपळगाव राजा हे घाटाखालचं गाव. बाजारहाट आणि तहसिलीचं काम खामगावला उरकतं, पण जिल्ह्याच्या कचेरीत जायचं तर बुलढाण्याला, म्हणजे बोथ्याचा नाहीतर राजूरचा घाट चढून. या भागातल्या जुन्या गाडीची खरी परीक्षा अशा घाटातल्या वळणावर होते. तिसऱ्या गिअरमध्ये गाडी गुदमरायला लागते, ड्रायव्हर क्लच दाबून दुसरा टाकायला जातो आणि खालून ‘कर्र’ असा आवाज येतो. त्या आवाजाचं खापर बहुतेक वेळा क्लचवर, ड्रायव्हरवर किंवा गाडीच्या वयावर फुटतं. गिअरबॉक्समध्ये शेवटचं ऑइल कोणतं पडलं होतं, हे फारसं कुणी विचारत नाही.

जुन्या गाड्या आपल्याकडे भरपूर आहेत आणि त्या हौसेखातर ठेवलेल्या नाहीत. डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेली मारुती ८०० जानेवारी २०१४ पर्यंत बनत होती. टाटा सुमो १९९४ पासून २०१९ पर्यंत निघाली. काळी-पिवळी म्हणून धावलेल्या महिंद्रा कमांडर आणि ट्रॅक्स यांनी तर विदर्भातल्या दोन पिढ्यांना बाजाराला आणि लग्नाला पोचवलं. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. कारसाठी त्याची फी १ एप्रिल २०२२ रोजी ६०० रुपयांवरून ५००० रुपये झाली. एवढे पैसे भरून, फिटनेस करून जो माणूस गाडी ठेवतो, त्याची गिअरबॉक्स दोन-अडीच लिटर चुकीच्या ऑइलपायी खराब व्हावी, हे फार वाईट.

गॅरेजमध्ये ऐकू येणारं वाक्य ठरलेलं असतं : ‘नव्वद नंबर टाकून देतो.’ हा नव्वद नंबर फक्त जाडी सांगतो. त्यातही एक मोठा गैरसमज आहे. इंजिनात ४० नंबरचं ऑइल आणि गिअरमध्ये ९० नंबरचं, म्हणजे गिअरचं दुपटीहून घट्ट, असं अनेकांना वाटतं. पण एसएई या अमेरिकी अभियंता संस्थेने इंजिन ऑइल आणि गिअर ऑइल यांच्यासाठी दोन वेगळ्या मोजपट्ट्या ठरवल्या आहेत. १०० अंश तापमानाला ९० नंबरच्या गिअर ऑइलची जाडी १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक्स असते. इंजिन ऑइलमध्ये ४० नंबरची १२.५ ते १६.३ आणि ५० नंबरची १६.३ ते २१.९. गरम झाल्यावर तिघंही जवळपास एकाच पंगतीत बसतात.

डब्ल्यूच्या आधी लिहिलेला आकडा थंडीतला. ८०डब्ल्यू-९० मधला ८०डब्ल्यू सांगतो की उणे २६ अंशांतही ऑइल ठरावीक मर्यादेपलीकडे घट्ट होणार नाही. ७५डब्ल्यूची हमी उणे ४० पर्यंतची आहे. ज्या मुलखात मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो आणि डिसेंबरातल्या पहाटे दहाच्या आसपास उतरतो, तिथे या ७५डब्ल्यूसाठी जास्तीचे पैसे मोजण्याचं कारण नाही. चांगल्या सिंथेटिक ऑइलचे दुसरे फायदे आहेत, ते जास्त टिकतं आणि उष्णतेत कमी पातळ होतं. पण पुस्तिकेत ८०डब्ल्यू-९० लिहिलेल्या जुन्या गाडीला घाटाखालच्या हवेत साधं ८०डब्ल्यू-९० पुरतं.

खरा निर्णय होतो तो डब्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेल्या दोन अक्षरांवर आणि एका आकड्यावर. जीएल-४ की जीएल-५? ही प्रतवारी अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची, म्हणजे एपीआयची. ५ हा आकडा ४ पेक्षा मोठा, म्हणून जीएल-५ अधिक चांगलं, असं समजून दुकानदार ते पुढे करतो आणि गिऱ्हाईकही आनंदाने घेतो. इथेच घोटाळा होतो. जीएल-५ ही वरची इयत्ता नव्हे. ते वेगळ्या कामासाठी बनवलेलं ऑइल आहे.

ते काम कोणतं, हे समजायला शंभर वर्षं मागे जावं लागतं. अमेरिकेतल्या पॅकार्ड कंपनीने १९२६ मध्ये मोटारीच्या मागच्या धुरीत हायपॉइड गिअर वापरला. पिनियन (लहान दातचक्र) क्राउनच्या (मोठ्या दातचक्राच्या) मध्यरेषेच्या खाली बसवल्यामुळे इंजिनापासून मागे जाणारा शाफ्ट खाली आला आणि गाडी बुटकी, ऐसपैस करता आली. पण या रचनेत दात एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, प्रचंड दाबाखाली आडवे घासतात. त्या दाबाने साध्या ऑइलचा थर दातांमधून पिळून बाहेर जातो आणि लोखंड लोखंडाला भिडतं. यावर उपाय म्हणून ऑइलमध्ये गंधक आणि फॉस्फरसची संयुगं घालायला सुरुवात झाली. घर्षणाने दात तापले की ही संयुगं तिथल्या लोखंडाशी रासायनिक क्रिया करतात आणि एक पातळ थर तयार होतो. झिजतो तो हा थर, दात वाचतात. डब्यावरची ईपी ही अक्षरं याचीच खूण आहेत : एक्स्ट्रीम प्रेशर, अतिदाब. जीएल-५ मध्ये ही रसायनं जीएल-४ च्या साधारण दीडपट ते दुप्पट असतात.

मागच्या धुरीतल्या डिफरन्शियलसाठी हे वरदान ठरलं. गिअरबॉक्सच्या आत मात्र लोखंडाबरोबर पितळही असतं. सिंक्रो रिंग, म्हणजे गिअर बसण्याआधी वेग जुळवणारी कडी, बहुतेक जुन्या गाड्यांत पितळेची असते. कॅडिलॅकने १९२८ मध्ये ही सिंक्रोमेश रचना आणली, त्याआधी प्रत्येक गिअर टाकताना ड्रायव्हरला ‘डबल क्लच’ मारावा लागायचा. आपल्याकडच्या प्रीमियर पद्मिनीच्या पहिल्या गिअरला सिंक्रो नव्हतं, त्यामुळे चालती गाडी पहिल्यात घ्यायची कला त्या काळच्या टॅक्सीवाल्यांना अवगत होती. सिंक्रो रिंगचं काम असं : गिअर टाकताना ती आधी पोलादी कोनावर घासते, दोन्ही भागांचा वेग सारखा करते आणि मग दात अडकू देते. म्हणजे तिथे घर्षण हवंच असतं. रिंगच्या आतल्या बाजूला बारीक आटे कापलेले असतात. ते ऑइलचा थर कापून बाजूला सारतात, म्हणजे पितळ पोलादाला पकडू शकतं.

आता या रिंगवर जास्त तीव्रतेचं जीएल-५ पडलं तर दोन गोष्टी होतात. गंधक पितळेतल्या तांब्यावर क्रिया करतं, तिथे काळपट थर धरतो आणि दर वेळी गिअर टाकताना तो पोपड्यासारखा खालच्या पितळेचा अंश घेऊन निघतो. आटे बोथट होतात. दुसरी गोष्ट त्याहून लवकर जाणवते. हे ऑइल अतिशय निसरडं असल्यामुळे रिंग कोनाला नीट पकडतच नाही, वेग जुळायच्या आत दात भिडतात आणि ‘कर्र’ होतं.

ऑइल पितळेला किती चावतं, हे तपासण्याची एक जुनी आणि सोपी चाचणी आहे. घासून चकचकीत केलेली तांब्याची पट्टी गरम ऑइलमध्ये, साधारणपणे १२१ अंशांत तीन तास, बुडवून ठेवतात. मग तिचा रंग ठरलेल्या तक्त्याशी ताडून बघतात. फिकट नारिंगी राहिली तर ऑइल सौम्य. मोरपंखी, राखाडी, काळी होत गेली तर तिखट. हल्लीची काही जीएल-५ ऑइलं या चाचणीत बरीच चांगली उतरतात, कारण त्यांच्यातलं गंधक सहजासहजी सुटत नाही. तेव्हा प्रत्येक जीएल-५ पितळेचा शत्रू, असं म्हणणं अन्यायाचं होईल. पण डबा हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसाला कोणतं सौम्य आणि कोणतं तिखट हे समजायला मार्ग नसतो.

म्हणून गाडीच्या पोटात काय आहे, तिथून सुरुवात करायची. मारुती ८०० चं इंजिन आडवं बसवलेलं आहे. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच हाउसिंगमध्ये, आणि आत हायपॉइड नाही, तिरप्या दातांचे साधे गिअर आहेत. तिथे अतिदाबाच्या जादा रसायनांना काही कामच नाही. जीएल-४ पुरेसं आहे आणि तेच टाकावं. सुमो किंवा कमांडर यांची तऱ्हा वेगळी. गिअरबॉक्स पुढे, डिफरन्शियल मागच्या धुरीत, दोन्हींचं ऑइल स्वतंत्र. गॅरेजात एकच बादली असते आणि त्यातलंच दोन्हीकडे ओतलं जातं, हे सोयीचं आहे पण बरोबर नाही. मागच्या हायपॉइडला जीएल-५ लागतं. तिथे जीएल-४ टाकून काटकसर केली तर क्राउन-पिनियनच्या दातांवर ओरखडे उठतात, आणि ती दुरुस्ती सिंक्रो रिंगपेक्षा महाग पडते. पुढे मात्र कंपनीने सांगितलेलं, बहुधा जीएल-४.

याला अपवादही आहेत, आणि ते लक्षात ठेवण्यासारखे आहेत. सुबारूच्या गाड्यांत उभ्या बसवलेल्या इंजिनामागे गिअरबॉक्सच्याच हाउसिंगमध्ये हायपॉइड असतो, म्हणून कंपनी स्वतःच गिअरबॉक्सला जीएल-५ सांगते आणि सिंक्रोचं साहित्यही तसं निवडते. १९९८ मध्ये आपल्याकडे आलेल्या पहिल्या होंडा सिटीला होंडाचं पातळ एमटीएफ (मॅन्युअल गिअरबॉक्सचं खास ऑइल) लागतं. ९० नंबर टाकलं तर सकाळी गिअर जड पडणारच. १९५९ च्या ब्रिटिश मिनीमध्ये तर गिअरबॉक्स इंजिनाच्या खालीच बसवलेली आहे आणि दोघांचं ऑइल एकच. अमेरिकेतल्या बोर्ग-वॉर्नर टी-५ या गाजलेल्या मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये ऑटोमॅटिक गाड्यांचं लाल एटीएफ पडतं. गिअरबॉक्स म्हटली की ९० नंबर, हे समीकरण कुठे कुठे मोडतं ते यातून दिसतं. गाडीची पुस्तिका हरवली असेल तर त्या मॉडेलची पुस्तिका मिळवणं हे पहिलं काम.

आणखी एक प्रथा खेडोपाडी फार आहे, तिच्याबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. गिअरबॉक्स घुंई घुंई आवाज करायला लागली की मिस्त्री १४० नंबर सुचवतो. आवाज खरंच कमी होतो. पण झिजलेलं बेअरिंग झिजलेलंच राहतं, फक्त जाड ऑइल त्याचा आवाज दाबतं. दरम्यान रिंगच्या आट्यांतून ते जाड ऑइल लवकर बाहेर सरत नाही, म्हणून सिंक्रो मंदावतं आणि घाटात दुसरा गिअर पूर्वीपेक्षा उशिरा बसतो. जुनी गाडी विकण्याआधी १४० टाकून ती शांत केलेली असू शकते, हे विकत घेणाऱ्याने ध्यानात ठेवावं. बाजारात ‘जीएल-४/जीएल-५’ असं दोन्ही छापलेले डबेही मिळतात. अशा ऑइलच्या माहितीपत्रकात सिंक्रो असलेल्या गिअरबॉक्सला चालेल असं स्पष्ट लिहिलं असेल तरच ते घ्यावं. एमटी-१ ही प्रत सिंक्रो नसलेल्या ट्रक-बसच्या गिअरबॉक्ससाठी आहे, कारवाल्याने तिच्याकडे बघू नये.

ऑइल बदलताना एक गोष्ट सगळ्यात आधी : भरायचा वरचा प्लग प्रथम सैल करून बघायचा. वर्षानुवर्षं न उघडलेला तो प्लग गंजून बसलेला असतो. आधी खालचा ड्रेन प्लग उघडून सगळं ऑइल सोडलं आणि नंतर वरचा निघेनाच झाला, तर गाडी जागेवरून हलवता येत नाही. गाडी पाच-दहा किलोमीटर फिरवून आणावी, म्हणजे ऑइल कोमट होऊन गाळासकट नीट निथळतं. सपाट जागेवर उभी करून, लेव्हलच्या भोकातून ऑइल ओघळायला लागेपर्यंत भरावं. त्याहून जास्त नको, फेस होतो आणि सीलमधून गळती लागते.

काढलेल्या ऑइलकडे बघण्यात पाच मिनिटं घालवली तर गिअरबॉक्सची प्रकृती कळते. ड्रेन प्लगला चुंबक असेल तर त्यावर राखाडी लगदा दिसेल, तो नेहमीचा. कपचे किंवा टोकदार तुकडे सापडले तर दात नाहीतर बेअरिंग गेलं. भांडं उन्हात तिरकं केल्यावर सोनेरी झाक चमकली आणि ते कण चुंबकाला चिकटत नसतील, तर ते पितळ आहे, म्हणजे सिंक्रो रिंग झिजते आहे. ऑइल दुधी, कॉफीसारखं दिसलं तर आत पाणी शिरलंय. पावसाळ्यात नाल्याला पूर असताना जीप, सुमो त्यातून घातल्या जातात. तापलेली गिअरबॉक्स थंड पाण्यात बुडाली की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (हवा जायच्या भोकातून) किंवा जुन्या सीलमधून पाणी आत ओढलं जातं. असं ऑइल किलोमीटर न मोजता लगेच बदलायचं. एरवी पुस्तिकेतलं अंतर पाळावं. अनेक जुन्या गाड्यांना ते ४० हजार किलोमीटरच्या आसपास दिलेलं असतं.

काढलेलं काळं ऑइल शेताच्या बांधावर किंवा नालीत ओतू नये. वाळवी लागू नये म्हणून लाकडाला ते फासायची सवय आहे, तीही सोडलेली बरी, कारण पावसाने ते धुऊन मातीत उतरतं आणि पुढे विहिरीपर्यंत पोचतं. वापरलेलं ऑइल घोषित घातक कचऱ्यात मोडतं. मोठ्या गॅरेजकडे ते गोळा करून नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांना दिलं जातं, डबा तिथे पोचता करता येतो.

चुकीचं जीएल-५ काढून जीएल-४ भरल्यावर फरक दिसायला थोडा वेळ द्यावा लागतो, कारण जुन्या ऑइलचा काही भाग आत चिकटून राहतो. काही शे किलोमीटरनंतर पुन्हा एकदा बदललं तर उत्तम. त्यानंतर घाटात दुसरा गिअर सरळ बसायला लागला, तर रिंग अजून शाबूत आहे. नाहीच बसला, तर आटे संपले आहेत आणि कोणत्याही डब्यातलं कोणतंही ऑइल ते परत आणणार नाही. गिअरबॉक्स उतरवून रिंग बदलावी लागेल. ती उतरवलीच आहे तर क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग आणि ऑइल सील त्याच वेळी पाहून घ्यावेत, कारण मजुरी दोनदा द्यावी लागत नाही.