जॉन ओ'ग्रोट्सहून निघालेला बोथम

१९८० च्या फेब्रुवारीत वानखेडेवर इंग्लंडच्या इयन बोथमने एकाच कसोटीत शतक ठोकले आणि १३ बळीही घेतले. मुंबईकरांना तो आठवतो तो असा. त्याच्या चालण्याची गोष्ट मात्र त्याआधीच, एका रुग्णालयात सुरू झाली होती.

१९७७ च्या उन्हाळ्यात, पदार्पणाच्याच मालिकेत, हेडिंग्लीला चेंडूवर पाय पडून त्याच्या पावलाचे हाड मोडले. उपचारासाठी तो टॉन्टनच्या मसग्रोव्ह पार्क रुग्णालयात गेला आणि भलतीकडे वळून मुलांच्या वॉर्डात शिरला. तिथे काही मुले टेबलाभोवती खेळत बसली होती, वरवर तर धडधाकट. त्यांना ल्युकेमिया आहे आणि काहींच्या हाती थोडेच आठवडे उरलेत, हे कळल्यावर जेमतेम एकवीस वर्षांचा तो गडी हादरला.

मदत तो करत राहिला, पण मोठे काही घडायला १९८५ उजाडावे लागले. त्या मोसमात इंग्लंडच्या मैदानांवर त्याने ८० षटकार मारले होते. क्रिकेटपटू विश्रांती घेतात अशा दिवसांत, ऑक्टोबरच्या अखेरीस, तो स्कॉटलंडच्या उत्तर टोकावरच्या जॉन ओ'ग्रोट्सहून निधी जमवायला पायी निघाला आणि ३५ दिवसांनी नैऋत्येच्या लँड्स एंडला पोहोचला. अंतर सुमारे १,४०० किलोमीटर, म्हणजे रोजचे सरासरी ४० किलोमीटर. तेही हायलँड्सच्या गारठ्यात, डांबरी रस्त्यावर, पायाला फोड आलेले असताना. चाल इतकी झपाट्याची की सोबत चालणाऱ्यांना पळावे लागे. रस्त्याकडेची माणसे डब्यांत नाणी टाकत. जमले सुमारे नऊ लाख पौंड. ते गेले ल्युकेमिया संशोधनासाठी काम करणाऱ्या संस्थेकडे. तीही एका दुःखातूनच उभी राहिली होती: १९६० मध्ये मिडल्सब्रोच्या एका कुटुंबाने सहा वर्षांची मुलगी याच आजारात गमावली, आणि तिच्या आईवडिलांनी पैसे जमवायला सुरुवात केली.

पुढच्याच वर्षी गांजा ओढल्याची कबुली दिल्याने बोथमवर दोन महिन्यांची बंदी आली. वर्तमानपत्रांना हा बोथम जास्त आवडायचा, यात नवल नाही.

१९८८ मध्ये त्याने प्राचीन सेनापती हॅनिबलची नक्कल केली: पेर्पिन्याँहून तूरिनपर्यंत, आल्प्स ओलांडत, चक्क हत्ती घेऊन. तमाशा मोठा झाला. पण १९८५ च्या त्या साध्या, कंटाळवाण्या रस्त्याचे वजन त्याला नव्हते.

क्रिकेट त्याने १९९३ मध्ये सोडले, चालणे सोडले नाही. डझनाहून अधिक पदयात्रांतून १.२ कोटी पौंडांहून जास्त निधी उभा राहिला. २००७ मध्ये 'सर' ही पदवी मिळाली, ती क्रिकेटसोबत या सेवाकार्यासाठीही.

या काळात ल्युकेमियाच्या वॉर्डातले चित्रही पालटत गेले. एखाद्या जादूच्या गोळीने नव्हे. आहेत तीच औषधे कुणाला, किती, कुठल्या क्रमाने द्यायची हे एकामागून एक चाचण्यांतून ठरत गेले. उपचारानंतर शरीरात किती रोगपेशी उरल्या हे मोजता येऊ लागले, तसे काही मुलांना सौम्य उपचार पुरू लागले. आज ब्रिटनमध्ये हा आजार झालेल्या दहापैकी सुमारे नऊ मुले पाच वर्षांनंतरही जिवंत असतात. उपचार मात्र अजूनही दोन-तीन वर्षे चालतात, आणि तेवढा काळ आईबापांपैकी एकाच्या तरी रुग्णालयाच्या खेपा सुटत नाहीत.