चाकांवरचे घर : रात्रीचा मुक्काम आणि अनोळखी माणसे

मोटरहोमच्या भिंती पातळ असतात आणि दाराचे कुलूप जोर लावणाऱ्याला फार वेळ थोपवू शकत नाही. म्हणून अमेरिकेतील रस्त्यांवर रात्र काढताना खरा भरवसा कुलपापेक्षा चाकांवर ठेवावा लागतो. जागा खटकली की गाडी सुरू करून निघता आले पाहिजे. मोटरहोममध्ये पलंगावरून उठून आतल्या आत ड्रायव्हरच्या सीटवर जाता येते. गाडीमागे ओढायच्या ट्रेलरमधून मात्र बाहेर उतरून पुढच्या गाडीपर्यंत चालावे लागते. हा फरक फार मोठा आहे. ट्रेलरवाल्यांनी निर्जन जागा टाळून व्यवस्थापक असलेले कॅम्पग्राउंड गाठावे, हे उत्तम.

निघण्याची तयारी झोपण्यापूर्वीच करायची असते. उजेड असताना पोहोचावे आणि गाडीचे तोंड रस्त्याकडे ठेवावे. एका रात्रीचाच मुक्काम असेल तर गाडी समतल करणारे जॅक खाली सोडू नयेत, बाजूला सरकणारी खोली आणि कापडी छत बाहेर काढू नये. सीटवर सामान नसावे. चावी रोज एकाच जागी ठेवावी.

ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या संघीय खात्याच्या बहुतेक मोकळ्या जमिनींवर साधारण १४ दिवसांपर्यंत फुकट राहता येते; तिथे पहारा नसतो आणि अनेकदा मोबाइलला रेंजही नसते. अशा ठिकाणी जाताना मुक्कामाची जागा घरच्यांना आधी कळवलेली असावी. महामार्गांवरील विश्रांतिस्थळांचे नियम राज्यागणिक बदलतात : टेक्सासमध्ये २४ तास थांबता येते, फ्लोरिडात फक्त ३ तास. वॉलमार्टच्या आवारात थांबायचे तर त्या दुकानाच्या मॅनेजरला विचारावे लागते.

रात्री दारावर थाप पडली तर दार उघडू नये, खिडकीआडूनच बोलावे. बाहेरचा माणूस पोलीस असल्याचे सांगत असेल आणि शंका वाटली, तर ९११ या आपत्कालीन क्रमांकावर फोन करून खात्री करून घ्यावी. त्या फोनवर गाडी कुठे उभी आहे हे विचारतात. म्हणून रस्त्याचा क्रमांक, जवळच्या मैलाच्या पाटीवरील आकडा किंवा कॅम्पमधील जागेचा क्रमांक आधीच कागदावर लिहून ठेवावा. घाबरलेल्या माणसाला तो आठवत नाही.

कॅम्पमधले बहुतेक शेजारी मदतीला धावणारेच असतात आणि त्यांच्याशी ओळख करून घेणे हीदेखील सुरक्षितताच. मात्र आपण एकटे आहोत किंवा दिवसभर गाडी रिकामी राहणार आहे, हे पहिल्याच भेटीत सांगू नये.

संरक्षणासाठी बंदूक सोबत ठेवण्याचा विचार असेल, तर तिचे कायदे प्रत्येक राज्यात वेगळे आहेत. भारतातून पर्यटक व्हिसावर आलेल्या नातेवाइकांना तर काही अपवाद सोडल्यास संघीय कायद्यानेच बंदूक बाळगायला मनाई आहे.

या गाड्यांच्या कुलपांमधला एक दोष मात्र अनेक मालकांना ठाऊक नसतो. अनेक गाड्यांच्या बाहेरच्या सामानकप्प्यांना वर्षानुवर्षे ‘सीएच ७५१’ या एकाच चावीची कुलपे बसवली गेली आहेत आणि ती चावी बाजारात सहज मिळते. स्वतःची गाडी असेल तर ही कुलपे आधी बदलावीत. भाड्याच्या गाडीत ते करता येत नाही. तिथे पासपोर्ट, पैसे आणि कॅमेरे त्या कप्प्यांत न ठेवता आतच ठेवावेत.