अवसेची वेळ आणि अवसेचा सल्ला : लेखांक 6

सूर्य आणि चंद्र यांच्यातले अंतर 12 अंशांनी वाढले की एक तिथी सरते, हे मागच्या लेखांकात पाहिले. हे अंतर पुन्हा शून्यावर येते त्या क्षणी अमावस्या संपते. एका अमावस्येपासून दुसरीपर्यंत सरासरी 29 दिवस, 12 तास, 44 मिनिटे जातात. हे गणित परभणीला परके नाही. 1503च्या सुमारास 'सिद्धान्तसुंदर' रचणारे ज्ञानराज गोदाकाठच्या पार्थपूरचे. हे पार्थपूर म्हणजे आजचे पाथरी, असे मानले जाते. त्यांचे पुत्र सूर्यदास यांनी भास्कराचार्यांच्या 'लीलावती'वर टीका लिहिली. हा वारसा खरा आहे, आणि म्हणूनच त्याच्या पुण्याईवर अवसेचे राशिफल खपवले जाते याचे वाईट वाटते. अमावस्येची वेळ पंचांगातून जरूर घ्यावी. त्या दिवसांत काय करावे, हे मात्र राशीला विचारून कळत नाही.

2011च्या जनगणनेत परभणी जिल्ह्याची लोकसंख्या 18,36,086 होती. तिचे बारा वाटे केले तर एका राशीच्या वाट्याला दीड लाखावर माणसे येतात. 'अवसेला व्यवहार टाळा' हे वाक्य जिंतूरच्या कोरडवाहू शेतकऱ्याला आणि सोनपेठच्या ऊसतोड मजुराला सारखेच कसे लागू पडेल? ज्योतिषी म्हणतील, राशिफल ढोबळच असते, खरे भविष्य पूर्ण पत्रिकेत असते. आक्षेप रास्त आहे, आणि त्याची परीक्षाही झालेली आहे. डॉ. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008मध्ये पुण्यात हुशार विद्यार्थी आणि मतिमंद मुले यांच्या मिळून 200 पत्रिका जमवल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या 40 देऊन कोणती पत्रिका कोणत्या गटातली ते ओळखायला सांगितले. 27 ज्योतिषांनी उत्तरे पाठवली. ती सरासरी 46 टक्के बरोबर निघाली. नाणे उडवले असते तरी निम्मी बरोबर आली असती.

यावर परभणीचा कापूस उत्पादक विचारील, मग अवसेच्या आसपास फवारणी करा असे का सांगतात? त्यात तथ्य आहेच. बोंडअळीचे पतंग निशाचर असतात. काळोख्या रात्री त्यांची हालचाल वाढते, मादी अंडी घालते आणि तीन-चार दिवसांत अळी बाहेर पडते. पण इथे काम करतो तो अंधार, ग्रहयोग नाही. शेतकऱ्याची रास कोणती का असेना, पतंगाला काही फरक पडत नाही. आणखी एक सावधगिरी हवी. अवसेला प्रकाश सापळ्यात जास्त पतंग सापडतात, त्याचे एक कारण असे की चांदणे नसल्याने सापळ्याचा दिवा त्यांना अधिक ओढतो. म्हणजे त्या रात्रीचा मोठा आकडा शिवारातले पतंग वाढल्याचा पुरावा असेलच असे नाही.

म्हणून तिथी ही आठवण करून देणारी खूण मानावी, निर्णय मोजणीवर सोडावा. कामगंध सापळ्याची पिशवी सकाळी उघडून गुलाबी बोंडअळीचे नर पतंग मोजता येतात. सलग तीन रात्री दर सापळ्यात आठ किंवा जास्त पतंग आले, तर धोक्याची पातळी ओलांडली. फुलांत डोमकळी शोधावी. तिच्या पाकळ्या उमलत नाहीत, गुलाबाच्या कळीसारख्या एकमेकींना चिकटून राहतात. ती बोटांनी उकलली की आत बारीक अळी दिसते. वीस हिरवी बोंडे फोडली आणि दोनांत अळी निघाली, तरी फवारणीची वेळ आली असे समजावे. श्रद्धेने कुणाचे काय बिघडते, असेही म्हटले जाते. सण पाळण्याने काहीच बिघडत नाही. मात्र अळी नसताना नुसत्या तारखेवर मारलेल्या औषधाचा खर्च शेतकऱ्याच्याच अंगावर पडतो, आणि मित्रकीटकही मरतात.

श्रावणी अमावस्येला पोळा आहे. बैलांना सजवा, पूजा करा, पुरणपोळी खाऊ घाला. फक्त त्याआधीच्या तीन सकाळी सापळ्यातले पतंग मोजून वहीत लिहून ठेवा.