समुद्राच्या पाठीशी उभं फणसाडचं रान

मुलांच्या परीक्षा आटोपत आल्या, की घरोघरी रात्रीच्या जेवणावर एकच विषय निघतो – यंदा कुठं जायचं? मुलांना समुद्र हवा असतो, त्यांच्या बाबांना शांतता हवी असते आणि तुम्हाला हवी असते दोन दिवस स्वयंपाकघरातून सुटका! या तिन्ही मागण्या एकाच फेरीत पुऱ्या होतील अशी जागा मुंबई-पुण्याहून फार लांब नाही. काशीदच्या वाळूत खेळून माघारी फिरणाऱ्या कित्येक कुटुंबांना मात्र तिचा पत्ताच नसतो. समुद्राकडे पाठ करून डोंगराकडे पाहिलं की जो हिरवा उंचवटा दिसतो, ते फणसाडचं अभयारण्य.

रायगड जिल्ह्यात मुरूड-रोह्याच्या डोंगरांवर हे जंगल पसरलंय. जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबांचं हे राखीव शिकारीचं रान. शिकारीसाठी का होईना, पण राखलं गेलं म्हणून टिकलं. १९४८ मध्ये जंजिरा संस्थान विलीन झालं आणि १९८६ मध्ये सरकारनं या रानाला अभयारण्याचा दर्जा दिला. ऐन, किंजळ, हिरडा, जांभूळ, अंजनी अशा झाडांची इथं दाटी आहे. उन्हाळ्याच्या तोंडाशी अंजनीच्या फांद्या निळ्या-जांभळ्या फुलांनी अशा भरून जातात, की मुली लगेच त्या रंगाची साडी मागतील!

जायचं कसं? मुंबईकरांना भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला बोटीनं जाता येतं. २०२० पासून मोटारही त्या बोटीत चढवता येते. पुढं अलिबाग, चौल, रेवदंडा करत पूल ओलांडला की कोर्लई, बोर्ली, काशीद, नांदगाव असा समुद्राच्या कडेकडेनं रस्ता जातो. किनारा सोडून आत वळलं की सुपेगाव. अभयारण्यात शिरायचं ते इथून. प्रवेशाच्या वेळा, शुल्क आणि राहण्याची सोय यांची चौकशी वन विभागाकडे आधीच करून ठेवा, कारण हे नियम बदलत असतात. गावातला वाटाड्या मात्र अवश्य घ्या. त्याला दिलेले चार पैसे गावातच राहतात आणि तुमच्या डोळ्यांना जे झाड वाटतं, तिथं त्याला घरटं दिसतं.

काय पाहाल?

पहिला मान शेकरूचा. ही आपल्या महाराष्ट्राची राज्यप्राणी असलेली मोठी खार, तपकिरी-तांबूस पाठीची आणि झुपकेदार शेपटीची. ती जमिनीवर क्वचितच उतरते. या झाडावरून त्या झाडावर पंधरा-वीस फुटांची उडी सहज मारते. काटक्या-पानांची गोल घरटी ती एक नव्हे, अनेक बांधते, पण पिल्लं वाढवते त्यातल्या एखाद्यात. म्हणून वर पाहत चला. फांदीला फांदी लागलेली असेल तरच शेकरूचा रस्ता चालू राहतो. मधली दोन झाडं पडली, तर तिचा रस्ताच बंद झाला म्हणायचं.

दुसरी पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे गारंबीची वेल. वेल कसली, पिळा घातलेला दोरखंडच तो! तिच्या शेंगा मीटरभराहूनही लांब होतात आणि आतली बी चपटी, टणक, तळहातात मावेल न मावेल एवढी असते. ही बी ओढ्यांतून वाहत समुद्राला मिळते आणि महिनोन् महिने तरंगत दूरच्या किनाऱ्याला लागते. रान आणि समुद्र यांचं नातं मुलांना समजवायला याहून सोपा धडा नाही.

इथल्या पाणवठ्यांना ‘गाण’ म्हणतात. चिखलगाण हे त्यातलंच एक नाव. एप्रिल-मेमध्ये ओढे आटले की सांबर, भेकर, रानडुक्कर, बिबट्या असे सगळे या थोड्या पाण्यावर येतात. सशाएवढी पिसोरीसुद्धा इथं आहे, पण ती दिसणं नशिबाची गोष्ट. प्राणी दिसले नाहीत तर मुलं हिरमुसतात. त्यांच्या हाती वही द्या आणि ‘पाहिलं’, ‘ऐकलं’, ‘खूण दिसली’ असे तीन रकाने आखून द्या. भेकराचं भुंकणं, चिखलातला खूर, पोपटांनी टाकलेलं अर्धं फळ – संध्याकाळपर्यंत पान भरतं आणि ‘कंटाळा आला’ हा शब्द निघत नाही.

जाताना किहीम लागतं, तिथं थांबलात तर एक गोष्ट सांगायला विसरू नका. पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांनी १९३० च्या सुमारास इथं राहून सुगरणींच्या घरट्यांचा अभ्यास केला. घरटं बांधतो तो नर. मादी येते, आत-बाहेर नीट पाहते आणि पसंत पडलं तरच राहायला येते. नापसंत पडलं तर नराची मेहनत फुकट! ही माहिती घरच्या पुरुषमंडळींना जरूर ऐकवा.

तयारीच्या चार गोष्टी

कपडे पूर्ण बाह्यांचे, फिक्या किंवा मातकट रंगाचे. लाल-पिवळं नको, अत्तर नको आणि छुमछुमणारे पैंजण घरीच राहू द्या. पायांत सपाट, बंद बूट.

डबा कोरडा असावा. दशम्या, तिळाची किंवा शेंगदाण्याची चटणी, गुळाचा खडा, भाजलेले चणे. कापडी फडक्यात बांधा. प्लॅस्टिकची पिशवी आणि वेफर्सचं पाकीट नकोच. खारट वास लागलेली पिशवी जनावरं गिळतात आणि पोटात अडकून मरतात. वानरांना खायला देऊ नका. एकदा दिलेला घास त्यांना माणसाच्या हातातलं ओढायला शिकवतो आणि पुढच्या वेळी एखाद्या लहान मुलाला ओरखडा बसतो.

खाजकुइलीच्या शेंगांना हात लागला तर चोळू नका. चिकटपट्टी लावून बारीक केस उचला, मग भरपूर पाण्यानं धुवा. गोचीड चिकटली तर चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा, रॉकेल-तेल लावत बसू नका. सापाच्या बाबतीत तर आजीबाईच्या बटव्यावर अजिबात विसंबू नका. चिरा देणं, घट्ट बांधणं, तोंडानं विष ओढणं यातलं काहीही करू नये. माणसाला न हलवता, धीर देत, थेट दवाखाना गाठायचा.

गिधाडं आणि आपला गोठा

आता जरा गंभीर गोष्ट. कोकणात गिधाडांची घरटी ज्या मोजक्या जागी टिकली, त्यांत फणसाडचं नाव घेतलं जातं. पांढऱ्या पाठीचं हे गिधाड एकेकाळी प्रत्येक गावाच्या वेशीबाहेर दिसायचं. १९९० नंतरच्या काही वर्षांत देशातली शंभरातली नव्व्याण्णव गिधाडं नाहीशी झाली. कारण होतं एक औषध. जनावरांच्या दुखण्यावर दिलं जाणारं डायक्लोफिनॅक. औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी ते खाल्लं, की त्यांचे मूत्रपिंड निकामी व्हायचे. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते. गेलेली संख्या भरून यायला किती पिढ्या लागतील, हिशेब तुम्हीच करा.

जनावरांसाठी या औषधावर २००६ मध्ये बंदी आली. पण माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोचत राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये त्याही बंद कराव्या लागल्या. २०२३ मध्ये अॅसिक्लोफिनॅक आणि किटोप्रोफेन ही दोन औषधंही जनावरांसाठी बंद झाली. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना अपाय न करणारं औषध उपलब्ध आहे.

तुम्ही म्हणाल, याचा आमच्याशी काय संबंध? संबंध आहे, बाई! तुमच्यापैकी कितीजणींच्या माहेरी किंवा सासरी अजून गोठा आहे. गायीचं दुखणं पाहवत नाही म्हणून माणसाचं इंजेक्शन टोचून मोकळं होणारे असतातच. पुढच्या वेळी गावी गेलात की दिराला, भावाला एवढं विचारा – जनावरांच्या डॉक्टरांनी कोणतं औषध दिलं? विचारायला पैसे पडत नाहीत.

जंगलाच्या कडेला तुम्हाला डोक्यावर मोळी घेतलेल्या बायाही भेटतील. ‘या जंगल तोडतात’ असं मुलांसमोर पटकन बोलू नका. आपल्याकडे गॅस संपला तर दुसरी टाकी येते. तिच्याकडे सिलिंडर भरायला पैसे नसले, तर संध्याकाळची चूल या मोळीवरच पेटते. तिच्याकडून पानाच्या द्रोणातली करवंदं घ्या, घासाघीस न करता. रानातलं पीस, बी, पडलेलं शिंग मात्र उचलून आणू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं अभयारण्यातून असं काही नेण्याला मनाई आहे.

संध्याकाळी खाली उतरून एखाद्या घरगुती खाणावळीत सोलकढी आणि गरम भात सांगा. स्वयंपाक दुसऱ्या कुणी केलेला असतो, ते सुख वेगळंच! मग कधी निघताय?